हक्कांना बाध न येता

आमचा पत्ता सांगितला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी थोडी सहानुभूती उमटते. पुण्याच्या आमच्या मावसभावाने 'खांदा कॉलनी' हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा "कोणता? डावा की उजवा?" असं विचारलं होतं. त्याला आता तेहेतीस वर्षं झाली. हा विनोद तो दर दिवाळीला नव्याने करतो आणि आम्हीही दर दिवाळीला नव्याने हसतो. त्याला कोण सांगणार, की खांदा हे मुळात गावाचं नाव आहे आणि खांदे खरोखरच दोन आहेत! फक्त डावा आणि उजवा नव्हेत, मोठा खांदा आणि धाकटा खांदा. आमच्या कितीतरी आधीपासून ही गावं इथं होती. खांदेश्वर महादेव होता, त्याचं तळं होतं. मग सिडको आली, सेक्टर आले, पाठोपाठ आम्ही आलो. स्टेशनाला महादेवाचं नाव मिळालं, कॉलनीला गावाचं मिळालं. गावाला काय मिळालं, हा प्रश्न मला परवापरवापर्यंत पडला नव्हता. प्रश्न पडण्याच्या बाबतीत मी तसा सावकाशीचा माणूस आहे. पडला तोही इथं नव्हे. थेट मेलबर्नला पडला.

आमचे चिरंजीव मेलबर्नला असतात. (चिरंजीव एकच, बहुवचन आदरार्थी आणि पगारार्थी.) गेल्या वर्षी नातवाला सांभाळण्यासाठी आम्हा उभयतांना त्यांनी बोलावून घेतलं. पत्रिकेत 'मौजमजेसाठी' असं लिहून आत कामाला लावायचं, हे निमंत्रणाचं तंत्र त्यांनी त्यांच्या मातोश्रींकडूनच उचललं आहे. तर तिथं गणेशोत्सव आला. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. कार्यक्रम सहाचा, म्हणून पावणेसातला सुरू झाला. नऊवारी, नथी, ढोल, मोदक, आणि 'गाडी क्रमांक अमुक-तमुकच्या मालकाने गाडी हलवावी', थोडक्यात काही कमी नव्हतं. मग झब्बा घातलेले अध्यक्ष माइकसमोर आले आणि गणपतीच्याही आधी खिशातून एक चिठ्ठी काढून इंग्रजीत वाचू लागले. आपण आज जिथं जमलो आहोत ती भूमी कुलिन राष्ट्रातल्या वुरुंजेरी लोकांची आहे. तिचे परंपरेने राखणदार असलेल्या त्या लोकांना आणि त्यांच्या काल होऊन गेलेल्या व आज असलेल्या ज्येष्ठांना आम्ही आदराने वंदन करतो, असा त्याचा अर्थ.

माझ्या शेजारी सातारच्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि संपल्यावर मला हळूच म्हणाल्या, "नवीन आरती दिसतेय. चाल काही कळली नाही." मी तर उठून उभाच राहिलो होतो. मराठी माणसाला, काय चाललंय ते कळलं नाही की उभं राहावंसं वाटतं. सौभाग्यवतींनी शर्ट ओढून मला खाली बसवलं.

परत येताना गाडीत चिरंजीवांनी सगळं समजावून सांगितलं. तिथं म्हणे सभा असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की क्रिकेटचा सामना, आधी हे वाचतात. त्यातही दोन प्रकार आहेत. ज्यांची भूमी त्यांच्यापैकी कोणी ज्येष्ठ येऊन 'या, बसा' म्हणतात तो एक. आणि पाहुण्यांनीच 'आम्ही तुमच्या जागेत बसलोय, याची जाणीव आहे बरं का' असं म्हणायचं, तो दुसरा. पहिला फक्त मूळच्या लोकांनीच करायचा, दुसरा कोणीही करावा. आज करतात त्या प्रकारचं स्वागत पहिल्यांदा झालं ते १९७६ साली पर्थला. न्यूझीलंडहून माओरी नर्तक आले होते. ते म्हणाले, इथल्या माणसांनी 'या' म्हटल्याशिवाय आम्ही पाऊल उचलणार नाही, आमच्याकडे तशी रीत नाही. तेव्हा धावपळ करून स्वागताचा विधी बसवला गेला. मला हे ऐकून त्या माओरी मंडळींविषयी फार आदर वाटला. न बोलावता येणारे आणि बोलावल्यावरही अडून बसणारे पाहुणे मी पाहिले होते. घर खरं कोणाचं आहे त्याची चौकशी करणारे पाहिले नव्हते.

"पण घेतली कशी जमीन?" मी विचारलं. ती गोष्ट तर आणखी बहारीची निघाली. १८३५ साली जॉन बॅटमन नावाचा एक गृहस्थ आला. त्याने तिथल्या प्रमुखांशी एक करार केला, आणि ब्लँकेटं, सुऱ्या, कुऱ्हाडी, कात्र्या, आरसे आणि पीठ एवढ्यावर सुमारे सहा लाख एकर जमीन घेतली. वर दर वर्षी असलाच थोडा माल द्यायचं कबूल केलं. हे ऐकून मी म्हटलं, "अरेरे! मग गव्हर्नरने काही म्हटलं नाही?" म्हटलं ना! गव्हर्नर बर्कने करार त्याच वर्षी रद्द ठरवला. पण भाव कमी होता म्हणून नव्हे. ही जमीन इंग्लंडच्या राजाची असताना तुम्ही ती त्या लोकांकडून विकत घेतलीच कशी, म्हणून! म्हणजे ज्याने फसवून का होईना, पण मालक कोण हे ओळखलं होतं, तोच चुकला. 'कोणाचीच नसलेली भूमी' हे तत्त्व मोडायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला १९९२ साल उजाडावं लागलं. माबो नावाच्या गृहस्थांच्या खटल्यात ते मोडलं.

"मग आता जमिनी परत देतात?"

"कुठं कुठं देतात बाबा. बाकी ठिकाणी वाचतात."

"म्हणजे आपल्याकडे 'चहा घेऊनच आला असाल' म्हणतात तसं," मागच्या सीटवरून सौभाग्यवती म्हणाल्या. त्या तीस वर्षं शाळेत होत्या. कोणत्याही गोष्टीचं सार एका ओळीत लिहून घ्यायची त्यांना सवय आहे.

मी मात्र भारावून गेलो होतो. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि नातवालाही आली नाही, म्हणून आम्ही दोघे खिडकीत बसून विचार करत होतो. माझ्या लक्षात आलं की जमिनीचं असं जाहीर स्मरण आमच्या घराण्यात फार पूर्वीपासून चालत आलं आहे. फक्त उलट्या अंगाने. आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यात. घरात कोणाचीही मुंज असो, लग्न असो, जिलबीचा दुसरा आग्रह झाला की कोणीतरी काका सुस्कारा टाकून सुरू करायचे : आपलं इतकं भात यायचं, इतकी कलमं होती, नदीपर्यंत आपलंच, सगळं कुळकायद्यात गेलं! १ एप्रिल १९५७ ही तारीख आमच्या घरात पंचांगातल्या तिथीसारखी पाठ होती. त्या दिवशी कसेल तो जमिनीचा मालक झाला आणि आमचे वडील बदलीच्या नोकरीतले कारकून होते ते तसेच राहिले. मी त्या जमिनी कधी पाहिल्यासुद्धा नाहीत, पण चारचौघांत त्यांच्यासाठी सुस्कारा मीही टाकलेला आहे. या सगळ्या स्मरणात कलमांची नावं यायची, नदीचं यायचं, बैलांचीसुद्धा यायची. चार पिढ्या ती जमीन जो कसत होता त्या कुळाचं नाव मात्र मी कधी ऐकलं नाही. वडिलांना विचारायचं राहिलं. आता वडील नाहीत.

खांदा कॉलनीत परत आलो तो ही कल्पना डोक्यात घेऊनच. आमच्या सोसायटीत दर २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदन आणि मागोमाग सत्यनारायण असतो. प्रजासत्ताक आणि प्रसाद यांची सांगड घालणारी ही प्रथा मुंबईच्या चाळींतून आम्ही बरोबर आणली, तिच्याविषयी कोणाची तक्रार नाही. अकरा वर्षं मी सेक्रेटरी आहे. माझी कर्तबगारी म्हणून नव्हे, दुसरा कोणी तयार नाही म्हणून. तेव्हा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली मी मांडलं : पूजेच्या आधी आपण ज्यांच्या जमिनीवर राहतो त्यांचं दोन ओळींत स्मरण करावं.

सभेत शांतता पसरली. पाण्याच्या टाकीचा विषय सोडला तर आमच्या सभेत अशी शांतता कधी पसरत नाही.

"खर्च किती येईल?" खजिनदारांनी विचारलं.

"काही नाही. वाचायचं फक्त."

"मग माझी हरकत नाही," असं म्हणून ते पुढच्या चर्चेत एक अक्षर बोलले नाहीत.

चेअरमन म्हणाले, "पण जमीन आपलीच आहे की! पैसे भरलेत." त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी चष्मा पुसत सांगितलं, की जमीन आपली नाही, सिडकोची आहे, आपल्याकडे ती साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने आहे. ही गोष्ट चेअरमनना माहीत होती, मलाही होती, सगळ्यांच्याच कपाटात तो कागद आहे. पण ती अशी मोठ्याने उच्चारल्यावर क्षणभर सगळ्यांना आपण लॉजमध्ये उतरल्यासारखं वाटलं. "आणि तुम्ही 'मूळ मालक' असं लिहिलंत," वकीलसाहेब पुढे म्हणाले, "तर उद्या कोणी ते कोर्टात दाखवेल. सोसायटीने स्वतः कबूल केलंय म्हणून." 'मालक' गेलं. 'राखणदार' लिहावं म्हटलं तर आमच्या वॉचमनचा गैरसमज होईल असं निघालं. 'भूमिपुत्र' शब्दाला "मग आम्ही कोण?" अशी दुसऱ्या मजल्यावरून हरकत आली. त्यांचं मूळ गाव नागपूरकडचं आहे. तासाभराने जो मसुदा तयार झाला तो असा : 'सदर जागा पूर्वी ज्या कोणाच्या वहिवाटीत असेल त्यांचे, सोसायटीच्या हक्कांना बाध न येता, आभार.'

मी तो दोनदा वाचून पाहिला. बॅटमनचा करार याहून बरा असावा.

सभा उठता उठता मागच्या खुर्चीवरून एक पोरगा बोलला. त्याने वर्षापूर्वीच चौथ्या मजल्यावर जागा घेतली आहे, वयाने तिशीचा. म्हणाला, "काका, आम्ही उलव्याचे. आमचं गाव विमानतळात गेलं. तिथला डोंगर कापला, उलवे नदी वळवली. आमच्या देवळाजवळचं मैदान आता नेमकं कुठं असेल तेसुद्धा सांगता येत नाही. तुम्ही इथलं वाचा. तिथलं कोण वाचेल?" कोणी उत्तर दिलं नाही. चेअरमननी चहा आला का ते पाहिलं.

तेव्हापासून मी जरा नीट वाचायला बसलो. नोकरीत असताना फायली वाचल्या त्या पुढे ढकलण्यासाठी. या वेळी समजण्यासाठी वाचलं. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, खाडीचं पाणी अडवणारे पिढ्यान् पिढ्यांचे बांध गेले. मिठाच्या आगरावरून ज्यांना आगरी हे नाव पडलं, त्यांचं आगरच गेलं. पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे. तिथं खाऱ्या जमिनीत तग धरतील अशा भाताच्या जाती काढल्या आणि त्यांना पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी नावं दिली. मोठी गंमत वाटली मला. मी पनवेलमध्ये इतकी वर्षं सेक्टरांचे नंबर पाठ करत होतो, आणि पनवेलचे खरे नंबर भाताचे होते.

आणि मग १९८४ आलं. १६ आणि १७ जानेवारीला उरण तालुक्यात, जमिनीला न्याय्य भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच माणसं गेली. पुढारी होते जासईचे दि. बा. पाटील. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना १९९० साली आली तिच्या मागे ते आंदोलन आहे. दर वर्षी १६ जानेवारीला जासईला त्या हुतात्म्यांना अभिवादन करायला माणसं जमतात.

इथं मला एक कबूल करायला हवं. ती बातमी मी १९८४ मध्ये वाचलेली आहे. मी तेव्हा कुर्ल्याला एका खोलीत भाड्याने राहत होतो. सकाळी स्टोव्हवर चहा होत होता आणि पहिल्या पानावर ती बातमी होती. मी ती वाचली, "च्च्" असं म्हटलं आणि पान उलटून शब्दकोडं काढलं. नवी मुंबईत घर घ्यावं हा विचार तेव्हाच घरात चालला होता. पुढे अर्ज भरला, हप्ते भरले, १९९२ साली ताबा मिळाला, पेढे वाटले. दोन्ही गोष्टी एकाच जमिनीविषयी होत्या हे कळायला मला मेलबर्नपर्यंत विमानाने जावं लागलं. तिकिटाचे पैसे चिरंजीवांनी भरले म्हणून बरं.

मसुद्यात निदान एखादं नाव असावं म्हणून मी मावशींकडे गेलो. मावशी म्हणजे आमच्या भाजीवाल्या. वयाने माझ्याहून पाचएक वर्षांनी लहानच असतील, पण अख्खी कॉलनी त्यांना मावशी म्हणते आणि त्या अख्ख्या कॉलनीला 'तू' म्हणतात. पावसाळ्यात शेवळं आणतात, त्यांच्याबरोबर चार काकडंही न मागता टाकतात, नाहीतर घसा खवखवतो. हिवाळ्यात वालाच्या शेंगा. तीस वर्षं मी त्यांच्याशी घासाघीस करत आलो आहे. त्या कुठल्या, हे मी कधी विचारलं नव्हतं. समोरच गाव दिसत असताना विचारायचं काय?

"मावशी, आमची बिल्डिंग आहे ना, तिथं पूर्वी कोणाचं शेत होतं?"

मावशींनी शेंगा निवडायचं थांबवलंसुद्धा नाही. "आमचाच व्हता. वराखालचा शेत."

"वडाखालचं?"

"हां. तुझे गेटपाशी मीटरची खोली हाय ना, तिथं वर व्हता. मी लगीन होऊन आले त्या साली जमिनीची नोटीस आली. सासरा बोलला, पोरीचा पाय काय गुनाचा नाय." आणि त्या हसल्या. "आता सांग, मी काय सिडको आनली?"

मग बरंच सांगितलं त्यांनी. खाडीकडे खारीत राता व्हायचा, लाल तांदूळ, भाकरीला गोड. पैसे आले ते रेडिओत, दिराच्या लग्नात आणि घराच्या कौलांत गेले. शेत नाही तर बैल कशाला, म्हणून जोडी विकली. सासरा दोन दिवस जेवला नाही. पुढे साडेबारा टक्क्यांतला भूखंड मिळाला. त्यातलेही पावणेचार टक्के सुविधांसाठी वजा. उरलेल्यावर सात वारसांच्या सह्या. बिल्डरने तो घेतला. मुलगा आता टेम्पो चालवतो.

"तुमचं नाव वाचू का मावशी, पूजेच्या आधी? स्पीकरवर?"

"वाच की. पन आमचेच कशाला? आमचे आदी हितं कातकरी व्हती. पलीकडं त्यांची खोपटं व्हती, आमचे शेतावर राबाला यायची. आमाला नोटीस तरी आली. त्यांना कागदच नाय तं नोटीस कुनाचे नावान काडनार? गेली कुटं तरी वीटभट्टीवर." मग थोडं थांबून, "शेवलं मी त्यांचेकडनच घेतंय. तुला काय वाटला, मी जाते जंगलान?"

मी वहीत लिहून घेत होतो ते थांबलो. आमच्या मसुद्यातलं 'ज्या कोणाच्या वहिवाटीत असेल' हे मला तोवर वकिली वाटत होतं. खोताच्या नावावर सात-बारा, कुळाच्या हातात नांगर, कातकऱ्याच्या हातात कोयता आणि आमच्या कपाटात भाडेपट्टा, असा तो एकच तुकडा. राजापूरच्या आमच्या सुस्काऱ्याचं भाषांतर मावशींच्या तोंडून ऐकताना मला कसंसंच झालं. फरक एवढाच, की त्यांनी सुस्कारा टाकला नाही. शेंगा निवडल्या.

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं. गुरुजी आले. त्यांनी संकल्प सांगायला सुरुवात केली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तो लक्ष देऊन ऐकला. जंबुद्वीप झालं, भरतखंड झालं, गोदावरीचा दक्षिण तीर झाला. ग्रामदेवतेला नमस्कार झाला, स्थानदेवतेला झाला, वास्तुदेवतेला झाला. म्हणजे पाहा, कुठं बसलो आहोत याचा इतका तपशीलवार जबाब मेलबर्नवालेही देत नाहीत. ब्रह्मदेवाच्या कितव्या परार्धात बसलो आहोत इथपर्यंत आपण सांगतो. कोणाच्या शेतात, तेवढं सोडून. सकाळी अंथरुणातून उठताना जमिनीला पाय लावल्याबद्दल तिची क्षमा मागावी हेही आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं. जमिनीची क्षमा मागायला आपण कधी मागे नव्हतो. तिच्यावर शेती करणाऱ्याचा विषय निघाला की वकीलसाहेबांना बोलवावं लागतं.

संकल्पानंतर मी माइक घेतला आणि मसुदा खिशातच ठेवला. म्हटलं : "ही इमारत उभी आहे ते मोठ्या खांद्याच्या एका घराचं वडाखालचं शेत होतं. वड मीटरच्या खोलीपाशी होता. त्या शेतावर राबणाऱ्या कातकऱ्यांची वस्ती पलीकडे होती. त्यांच्यामुळे आपण इथं आहोत." एवढंच. वकीलसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हक्कांना बाध आला असावा. उलव्याचा पोरगा मान खाली घालून उभा होता. बाकीच्यांनी, काय करावं हे न कळल्यामुळे, टाळ्या वाजवल्या. लगेच गुरुजींनी पहिला अध्याय सुरू केला.

मावशींना मी अगत्याचं निमंत्रण दिलं होतं. त्या काही दिसल्या नाहीत. प्रसाद झाला, पाटे-चौरंग उचलले गेले, तरी नाहीत. शेवटी द्रोणात शिरा घेऊन मी बाहेर गेलो. मावशी रस्त्यापलीकडे उन्हात नेहमीच्या जागी बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून.

"अहो मावशी, आत का नाही आलात?"

"आयलं व्हतं. त्यानी सोरला नाय." त्यांनी हनुवटीने आमच्या वॉचमनकडे दाखवलं.

वॉचमन बिचारा धावत आला. "साहेब, ठराव आहे ना. तुमचीच सही आहे." आणि त्याने केबिनमध्ये चिकटवलेला कागद दाखवला. 'फाटकाच्या आत तसेच कंपाउंडच्या भिंतीलगत भाजीवाले, मासळीवाले व इतर फेरीवाले यांना येण्यास व बसण्यास सक्त मनाई आहे. आज्ञेवरून.' खाली माझी सही, तारीख दोन वर्षांपूर्वीची. तोपर्यंत मावशी आमच्या फाटकाच्या आत, मीटरच्या खोलीच्या सावलीत बसत असत. घाण होते म्हणून कोणीतरी तक्रार केली होती आणि मी सुवाच्य अक्षरात ठराव लिहिला होता. माझ्या अक्षराची सोसायटीत सगळे तारीफ करतात.

"सपीकरवर वराचा सांगत व्हता तो तूच नं?" मावशींनी शिरा तोंडात टाकत विचारलं.

"हो."

"बरा सांगितलास. हितपरयंत आयकाला आला." 

आता विमानतळही झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. त्याला दि. बां.चं नाव द्या म्हणून २०२१ साली इथली माणसं हजारोंनी रस्त्यावर उभी राहिली आणि २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठरावही केला. मेलबर्नला जे चिठ्ठीवर वाचतात ते यांनी दारावर ठळक अक्षरांत मागितलं आहे. ठरावांविषयी मी फार बोलू नये हे खरं. माझा ठराव रद्द करायला मला तीन आठवडे आणि दोन सभा लागल्या. खजिनदारांनी 'खर्च नाही ना?' असं विचारून पाठिंबा दिला, चेअरमन तटस्थ राहिले, आणि वकीलसाहेबांनी आमच्या हक्कांना बाध न येता एक बाकडं ठेवायला संमती दिली.

मावशी आता मीटरच्या खोलीपाशी बसतात. पहिल्या दिवशी मीच शेंगा घ्यायला गेलो.

"कशा दिल्या?"

"साठला पाव."

"साठ? अहो, मागच्या आठवड्यात पन्नास होत्या!"

"मागले आठवड्यान मी रस्त्यावर व्हते," मावशी म्हणाल्या. "आता सोताचे शेतान बसलंय."

मी साठ दिले. सौभाग्यवतींना पन्नासच सांगितले आहेत.